एकत्वाची कसोटी

एका शाळेच्या प्रयोगशाळेंत पाहिलेला एक लहानसा प्रसंग वाचकांपुढें ठेवून आम्ही या लेखास आरंभ करितों. लंबकाच्या साहाय्यानें पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचें मान काढण्याचा प्रयोग चालला होता. एका विद्यार्थ्यानें एक मीटर लांबीचा दोरा घेतला, लंबक हलविला, वीस आंदोलनें मोजलीं, घड्याळांतील वेळ टिपली व आंकडेमोड केली. उत्तर आलें ९.६. त्यानें शेजाऱ्याच्या वहींत डोकावून पाहिलें, तेथें ९.८ होतें. पुस्तकांतही ९.८ होतें. तेव्हां त्यानें खोडरबर घेऊन ९.६ पुसलें, तेथें ९.८ लिहिलें, आणि त्या उत्तराशीं मेळ बसावा म्हणून टिपलेली वेळही बदलली. वहीवर बरोबरची खूण झाली, पुरे गुण मिळाले आणि मुलगा आनंदानें घरीं गेला. हा प्रसंग एकाच शाळेंतला आहे असें नाहीं. ज्या ज्या ठिकाणीं प्रयोगाच्या वह्या तपासल्या जातात, त्या त्या ठिकाणीं तो थोड्याफार फरकानें घडतो, हें शिक्षकांस व विद्यार्थ्यांसही ठाऊक आहे.

आज ज्या विषयावर आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत तो विषय या खोडरबरापासून फार दूरचा वाटेल. तो म्हणजे विश्वांतील मूलभूत बलांचें एकीकरण. निसर्गांत जीं नाना प्रकारचीं बलें दिसतात, तीं सर्व मुळांत एकाच बलाचीं रूपें असतील काय, हा प्रश्न गेलीं तीनशें वर्षें थोर थोर शास्त्रज्ञ विचारीत आले आहेत. या विषयाची गोष्ट काढली कीं आपल्या समाजांत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. पहिला उद्गार व्यवहारी पालकांचा : "हें शिकून मुलाच्या पोटाची सोय काय होणार ?" दुसरा घरांतील वडीलधाऱ्यांचा : "यांत नवीन तें काय ? सर्व विश्व एक आहे हें आपल्या साधुसंतांनीं केव्हांच सांगून ठेविलें आहे." दोन्ही उद्गार सद्भावनेचे आहेत. परंतु दोन्हींत कांहीं तरी निसटतें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि जें निसटतें तें त्या पुसलेल्या ९.६ मध्येंच सांपडेल, असा आमचा अभिप्राय आहे. तो सिद्ध करावयाचा तर आधीं मूळ हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे.

पूर्वीं असें मानीत कीं पृथ्वीवरील वस्तूंचे नियम वेगळे व आकाशांतील तेजांचे वेगळे. झाडावरून फळ पडतें. चंद्र मात्र पडत नाहीं. इ. स. १६८७ मध्यें न्यूटननें आपला महान् ग्रंथ प्रसिद्ध केला आणि फळास खालीं ओढणारें बल व चंद्रास पृथ्वीभोवतीं फिरविणारें बल एकच आहे, असें दाखविलें. येथें 'दाखविलें' या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारें ६० पट अंतरावर आहे. न्यूटनच्या नियमाप्रमाणें अंतर ६० पट झालें तर ओढ ६० गुणिलें ६० म्हणजे ३,६०० पटीनें कमी व्हावयास पाहिजे. हातांतून सोडलेला दगड पहिल्या सेकंदांत सुमारें ४.९ मीटर खालीं येतो. त्याचा ३,६००वा भाग म्हणजे सुमारें १.३६ मिलिमीटर. आतां चंद्र आपल्या सरळ मार्गापासून एका सेकंदांत पृथ्वीकडे किती वळतो, हें त्याच्या प्रदक्षिणेच्या काळावरून निराळ्या रीतीनें काढतां येतें. तें काढलें तर उत्तर तेवढेंच येतें. फळ आणि चंद्र यांचें नातें या दीड मिलिमीटरहूनही लहान अशा मापानें सिद्ध झालें आहे.

दुसरें एकीकरण वीज व लोहचुंबक यांचें. कोपनहेगनच्या ओर्स्टेडनें १८२० सालीं पाहिलें कीं तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळच्या होकायंत्राची सुई हलते. लोहाराचा मुलगा व पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांतील उमेदवार असा मायकेल फॅरडे, त्यानें १८३१ सालीं याच्या उलट दाखविलें. चुंबक हलविला कीं तारेंत वीज उत्पन्न होते. राधानगरीच्या धरणावर पाण्याच्या जोरानें जी वीज निर्माण होते ती याच नियमानें होते. पुढें मॅक्सवेलनें १८६५ सालीं या सर्वांची समीकरणें मांडलीं. प्रयोगशाळेंत मोजलेल्या वीज व चुंबक यांच्या मानांवरून त्यानें विद्युच्चुंबकीय लहरींचा वेग काढला, तो सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर निघाला. प्रकाशाचा वेगही तितकाच. तेव्हां प्रकाश हीसुद्धां तशीच लहर होय, असें त्यानें अनुमान केलें. आणि १८८८ च्या सुमारास हर्ट्झनें तशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या. वीज, चुंबक व प्रकाश हीं तिन्ही एका घरचीं ठरलीं.

विसाव्या शतकांत अणूच्या पोटांत शिरल्यावर आणखी दोन बलें सांपडलीं. आज आपण चार मूलभूत बलें मानितों. पहिलें गुरुत्वाकर्षण, दुसरें विद्युच्चुंबकीय बल, तिसरें अणुगर्भांतील कण घट्ट धरून ठेवणारें प्रबल बल, आणि चौथें क्षीण बल, ज्याच्यामुळें कांहीं अणुगर्भ आपोआप बदलतात व ज्याच्यावांचून सूर्याची धुनी पेटली नसती. हीं चार भावंडें इतकीं विषम आहेत कीं पाहून आश्चर्य वाटावें. दोन प्रोटॉनांमधील विजेचें बल त्यांच्यांतील गुरुत्वाकर्षणाहून एकावर ३६ शून्यें इतक्या पटीनें मोठें आहे. विजेचें बल लांबवर पोंचतें. क्षीण बल अणुगर्भाच्याही लहानशा भागापलीकडे जात नाहीं. अशीं हीं बलें एकाच आईचीं लेकरें कशीं असतील ?

या प्रश्नाचें एक उत्तर घरांतील कपाटांत आहे. पौष महिन्यांत पहांटे उठून पाहिलें तर खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरी झालेली असते, आणि शेजारचें शेंगतेल मात्र वाहतें असतें. उन्हाळ्यांत दोन्ही तेलें सारखींच वाहतात. ज्यानें कोल्हापूरची थंडीच पाहिली, उन्हाळा कधीं पाहिलाच नाहीं, तो म्हणेल कीं एक दगडासारखा पदार्थ आहे व दुसरा पाण्यासारखा. यांचा संबंध तो काय! विश्वाचीही अशीच स्थिति आहे. आज विश्व थंड आहे, म्हणून विद्युच्चुंबकीय बल व क्षीण बल निरनिराळीं भासतात. विश्वाच्या आरंभींच्या क्षणीं, पहिल्या सेकंदाचा लक्ष-कोट्यंश लोटण्यापूर्वीं, उष्णता कोटि-कोटि अंशांच्याही पलीकडे होती, आणि तेव्हां या दोन बलांतील आजचा भेद नव्हता. दृष्टान्त एवढ्यापुरताच घ्यावा. तेलें दोन निरनिराळ्या फळांचीं आहेत. बलांच्या बाबतींत भेद हा थंडीनें आणलेला आहे.

हा विचार १९६१ ते १९६८ या काळांत ग्लॅशो, वाइनबर्ग व अब्दुस सलाम यांनीं गणिताच्या भाषेंत मांडला. तिघांस १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु पारितोषिकाआधीं कसोटी झाली होती आणि पारितोषिकानंतरही ती थांबली नाहीं. त्यांच्या सिद्धान्तांतून अशी एक प्रकारची क्षीण प्रक्रिया निघत होती कीं जी त्यापूर्वीं कोणीं पाहिलेली नव्हती. ती १९७३ मध्यें जिनीव्हाजवळील सर्न येथें दिसली. क्षीण बलाचे वाहक असे जड कण असले पाहिजेत, असेंही सिद्धान्त सांगत होता. प्रोटॉनच्या सुमारें ८५ पट व ९७ पट वजनाचे ते कण १९८३ मध्यें तेथेंच सांपडले. या वाहकांस वजन देणाऱ्या यंत्रणेचा शेवटचा दुवा म्हणजे हिग्ज कण. त्याचा शोध ४ जुलै २०१२ रोजीं जाहीर झाला. ज्या दोन प्रचंड यंत्रांनीं तो पाहिला त्यांपैकीं सी. एम. एस. या यंत्राचा एक बाहेरचा थर भारतीय संस्थांनीं तयार केला, आणि त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, हें आपल्याकडील विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.

येथपर्यंत यशाची कथा झाली. आतां जी सांगावयाची ती अपयशाची आहे, आणि आमच्या दृष्टीनें तीच अधिक मोलाची आहे.

दोन बलें एक झालीं. मग तिसरें, प्रबल बलही त्यांत कां मिळूं नये? ओडिशांत जन्मलेले जोगेश पति व अब्दुस सलाम यांनीं, आणि निराळ्या रीतीनें जॉर्जाय व ग्लॅशो यांनीं, १९७४ च्या सुमारास महाएकीकरणाचे सिद्धान्त मांडले. ते इतके सुंदर होते कीं खरे असलेच पाहिजेत, असें पुष्कळांस वाटलें. त्यांतून एक विलक्षण निष्कर्ष निघाला. सर्व द्रव्याचा पाया जो प्रोटॉन, तो अमर नाहीं. केव्हां तरी तोही नाश पावेल. मात्र त्याचें सरासरी आयुष्य एकावर सुमारें ३० किंवा ३१ शून्यें इतक्या वर्षांचें असावें.

इतकीं वर्षें कोण वाट पाहणार ? पण त्यास युक्ति आहे. माणूस सत्तर-ऐंशीं वर्षें जगतो, तरी लाखों वस्तीच्या शहरांत रोज कोठें ना कोठें तिरडी बांधावी लागते. त्याचप्रमाणें अगणित प्रोटॉन एकत्र ठेवून त्यांवर पहारा केला तर वर्षांतून दोन-चार तरी नाश पावतांना दिसावे. टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें १९८० मध्यें कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जमिनीखालीं सुमारें २.३ किलोमीटर खोल, असा पहारा बसविला. लोखंडाचे थर व त्यांमध्यें वायु भरलेल्या मोजणीच्या नळ्या, असें तें सुमारें १४० टनांचें यंत्र होतें. एवढ्या लोखंडांत प्रोटॉन-न्यूट्रॉनांची संख्या सुमारें ८ वर ३१ शून्यें इतकी भरते. खोल जाण्याचें कारण असें कीं आकाशांतून सतत येणाऱ्या विश्वकिरणांचा गोंगाट वरील खडकानें अडवावा. याच खाणींत १९६५ मध्यें वातावरणांत निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांचीं चिन्हें जगांत प्रथम मिळालेल्यांपैकीं होतीं. त्यामुळें ही जागा कीर्तिमंत होतीच.

आतां वाचकांनीं कल्पना करावी. जमिनीच्या पोटांत, उष्ण व दमट हवेंत, माणसें वर्षानुवर्षें यंत्राजवळ बसलीं आहेत. सर्व जगाचें लक्ष तिकडे लागलें आहे. प्रोटॉनाचा नाश सिद्ध झाला तर त्या शोधाची कीर्ति मोठी होणार. कांहीं घटना दिसल्या. त्या प्रोटॉनच्या नाशाच्या असूं शकतील, अशा होत्या. शास्त्रज्ञांनीं त्या 'शक्य' म्हणून जगापुढें ठेविल्या व इतरांच्या तपासणीस मोकळ्या केल्या. अमेरिकेंत व जपानांत त्याहून मोठीं यंत्रें उभीं राहिलीं, आणि त्यांत तशा घटना मिळाल्या नाहींत. जपानांतील सुपर-कामिओकांडे या यंत्रांत ५०,००० टन पाणी आहे. १९९६ पासून तेथें पहारा चालू आहे. अद्यापि एकही प्रोटॉन नाश पावल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. त्यावरून प्रोटॉनच्या अपेक्षित मार्गानें होणाऱ्या नाशास लागणारें आयुष्य एकावर ३४ शून्यें इतक्या वर्षांहून अधिक असलें पाहिजे, असें ठरलें. महाएकीकरणाचा जो सर्वांत साधा व सुंदर सिद्धान्त होता तो टाकून द्यावा लागला. कोलारचा प्रयोग थांबला. पुढें २००१ मध्यें ती खाणही बंद झाली.

याहूनही एक मर्मभेदी गोष्ट आहे. १९८९ नंतर सर्न येथें तिन्ही बलांचीं मानें फार सूक्ष्मपणें मोजलीं गेलीं. उष्णता वाढवीत नेली तर हीं मानें कशीं बदलत जातील याचा हिशेब करतां येतो. तो केला तेव्हां असें दिसलें कीं तिन्ही रेषा एकमेकींजवळ येतात, अगदीं जवळ येतात; परंतु आपल्या आजच्या सिद्धान्ताप्रमाणें त्या एका बिंदूंत मिळत नाहींत. किंचित् अंतर राहतेंच. विद्यार्थिमित्रहो, हें अंतर म्हणजे शास्त्रज्ञांचें ९.६ होय. त्यांच्याजवळही खोडरबर होतें. रेषा थोडीशी वाकविली असती तर एकत्व सिद्ध झाल्याचा डंका पिटतां आला असता. कोणींही ती वाकविली नाहीं. तें अंतर जसेंच्या तसें ठेवून, 'यांत आपणांस अज्ञात असें कांहीं तरी आहे' एवढेंच ते म्हणाले, आणि पुन्हां कामास लागले.

हा बाणा नवा नाहीं. ज्या फॅरडेनें वीज व चुंबक यांचा संबंध जोडला, त्यास गुरुत्वाकर्षण व वीज यांचाही संबंध असावा असें मनापासून वाटत होतें. त्यानें उंचावरून वजनें खालीं सोडून तारांच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते काय, हें पुनःपुन्हां पाहिलें. कांहीं झालें नाहीं. १८५० सालीं त्यानें हें निष्फळ संशोधन विद्वत्सभेपुढें जसेंच्या तसें ठेविलें. आपली श्रद्धा त्यानें सोडली नाहीं; पण श्रद्धेस पुरावा मिळाला, असेंही खोटें सांगितलें नाहीं. श्रद्धा व सत्यनिष्ठा एकाच हृदयांत कशा नांदतात याचें हें उत्तम उदाहरण आहे. आइन्स्टाइननेंही आपल्या आयुष्याचीं शेवटचीं तीस वर्षें गुरुत्वाकर्षण व विद्युच्चुंबकीय बल एका सूत्रांत ओंवण्यांत घालविलीं, आणि १९५५ मध्यें तें काम अपुरें टाकून तो गेला. तें आजही अपुरेंच आहे. धुळें जिल्ह्यांतील शिरपूर येथें १९४९ सालीं जन्मलेले डॉ. अभय अष्टेकर यांनीं १९८६ मध्यें आइन्स्टाइनचीं समीकरणें नव्या रूपांत मांडून गुरुत्वाकर्षणास अणुविश्वाच्या नियमांशीं जोडण्याची एक वाट दाखविली. त्या वाटेनें आज जगांत अनेक जण चालत आहेत. ती मुक्कामास पोंचेल कीं नाहीं हें काळच ठरवील.

कोल्हापूरकरांस या कथेंत आपल्या गांवचींही माणसें भेटतील. विष्णु वासुदेव नारळीकर हे १९०८ सालीं कोल्हापुरांत जन्मले, केंब्रिजला शिकले, आणि १९३२ सालीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक झाले. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणसिद्धान्ताचें संशोधन आपल्या देशांत रुजविणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांचे चिरंजीव जयंतराव यांचा जन्मही १९३८ सालीं कोल्हापूरचाच. काशीच्या घरांत भिंतीवर फळे लावलेले असत. मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्यांवर एखादें अवघड गणित भाच्यास आव्हान म्हणून लिहून ठेवीत आणि उत्तर सुचेपर्यंत तें तसेंच राही. पालकमंडळींनीं या फळ्याची नोंद घ्यावी. मामांनीं भाच्यास उत्तरें दिलीं नाहींत. प्रश्न दिले, आणि वाट पाहिली.

पुढें जयंतरावांनीं आपले गुरु फ्रेड हॉयल यांच्यासह १९६४ मध्यें गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला. एखाद्या वस्तूचें जडत्व हा तिचा एकटीचा गुण नव्हे. विश्वांतील सर्व द्रव्याशीं असलेल्या तिच्या संबंधांतून तें येतें, असा त्यांतील गाभा आहे. एकत्वाची ही कल्पना किती भव्य ! तरी बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं ती स्वीकारली नाहीं. विश्वाच्या उत्पत्तीविषयीं त्यांचीं जीं मतें होतीं त्यांच्या विरुद्ध पुरावाही पुढें येत गेला. जयंतराव आपल्या मतासाठीं अखेरपर्यंत युक्तिवाद करीत राहिले. पण तो निरीक्षणांच्या व गणिताच्या आधारें, आणि प्रतिपक्षास पुरा मान देऊन. पुण्यास त्यांनीं १९८८ मध्यें 'आयुका' ही संस्था उभारली. तेथें त्यांच्याशीं मतभेद असणाऱ्यांसही मुक्तद्वार होतें. २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले. एखाद्याचें मत मान्य न होतांही त्याचें मोठेपण कसें टिकतें, हें त्यांच्या चरित्रावरून कळावें.

आतां आरंभीं सांगितलेल्या दोन उद्गारांकडे वळूं. वडीलधारे म्हणतात, सर्व एक आहे हें संतांनीं सांगितलेंच आहे. आम्ही त्यांस नम्रपणें म्हणतों कीं संतांचें एकत्व आणि शास्त्रज्ञांचें एकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यानें दोहोंचीही हानि होते. शास्त्रज्ञाचें एकत्व मापानें सिद्ध होतें. दीड मिलिमीटर जुळला नाहीं तर तें पडतें. संतांचें एकत्व मापानें सिद्ध होत नाहीं आणि मापानें पडतही नाहीं. त्याची कसोटी आचरणांत आहे. 'सर्व एक' असें मुखानें म्हणणारा मनुष्य दारांत आलेल्यास कसा वागवितो, हीच त्याची प्रयोगशाळा. आपल्या या करवीरनगरींत राजर्षि शाहू महाराजांनीं १९१९ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांस सर्वांच्या शाळांत बसविण्याचा हुकूम दिला. एकत्वावर प्रवचनें त्यापूर्वीं शेंकडों झालीं असतील. पण बांक एक झाला तो त्या हुकुमानें. म्हणून आम्ही म्हणतों, एकत्व बोलण्यानें सिद्ध होत नाहीं. प्रयोगशाळेंत तें मोजावें लागतें आणि समाजांत तें करून दाखवावें लागतें. दोन्ही ठिकाणीं नुसता उच्चार फुकट आहे. आणि ज्यांनीं मोजलें नाहीं, त्यांनीं 'हें आमच्याकडे आधींच होतें' असें म्हणणें म्हणजे शेजाऱ्याच्या वहींतील उत्तर उतरून घेण्यासारखेंच आहे.

व्यवहारी पालकांस आमचें सांगणें असें. या विद्येचा उपयोग काय, हा प्रश्न फॅरडेच्या काळींही विचारतां आला असता. आज आपल्या घरांतील प्रत्येक दिवा त्याचें उत्तर देतो. ज्या सर्नची हकीकत वर आली, तेथेंच १९८९ मध्यें टिम बर्नर्स-ली यांनीं शास्त्रज्ञांच्या सोयीसाठीं माहितीचें जाळें योजिलें. आपण ज्या जागतिक जाळ्यावर आज पत्रव्यवहार व व्यापार करितों तें त्यांतूनच वाढलें. परंतु आम्ही या उपयोगांवर भर देत नाहीं. प्रत्येक मुलगा शास्त्रज्ञ होणार नाहीं, आणि होण्याचें कारणही नाहीं. तरी प्रत्येक मुलास पुढें कोठें तरी एक आंकडा खरा लिहावयाचा आहे. पावसाळ्यांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात; ३९ फुटांवर इशारा व ४३ फुटांवर धोका, हें येथील प्रत्येक घरास पाठ आहे. २०१९ व २०२१ सालच्या पुरांत रात्रींच्या रात्रीं त्या आंकड्याकडे डोळे लावून बसलेलीं कुटुंबें आमच्या वाचकांत अनेक असतील. तो आंकडा लिहिणाऱ्यानें 'काल इतका होता, आजही तितकाच असेल' असें म्हणून लिहिला असता तर काय अनर्थ होता ! औषधाची मात्रा, पुलाच्या काँक्रीटची परीक्षा, पतपेढीची शिल्लक, या सर्व ठिकाणीं तोच मुलगा बसणार आहे, ज्यानें दहावींत लंबकाची वेळ पुसली. जो त्या वेळीं पुसतो, त्यास पुढें न पुसण्याची संवय आपोआप लागेल, असें मानावयास आधार नाहीं.

या दोषाचा मोठा वांटा मुलांचा नाहीं, हें आम्ही स्पष्टपणें कबूल करितों. जो शिक्षक ९.६ दिसतांच गुण कापतो आणि कारण विचारीत नाहीं, तो मुलाच्या हातीं स्वतः खोडरबर देतो. जे पालक प्रगतिपुस्तक पाहतात पण वही पाहत नाहींत, तेही देतात. आमची सूचना साधी आहे. प्रयोगाचे गुण उत्तरास न देतां प्रामाणिक नोंदीस व कारणमीमांसेस द्यावे. आलेलें उत्तर पुसूं नये. खालीं 'फरक कां पडला असावा' अशी एक ओळ लिहावी. घरींही मुलानें 'आई, हें असें कां ?' म्हणून विचारलें तर 'परीक्षेंत येणार आहे काय ?' असा उलट प्रश्न करूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर 'मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं या' असें म्हणावें. या वाक्यानें आईबापांचा मान तिळभरही कमी होत नाहीं.

शेवटीं त्या ९.६ चें रहस्य सांगून हा लेख पुरा करितों. त्या मुलानें दोऱ्याची लांबी लंबकाच्या गोळ्याच्या वरच्या आंकड्यापर्यंत मोजली होती. नियम असा कीं ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली पाहिजे. सुमारें दोन सेंटीमीटर सुटले, आणि तेवढ्यानेंच ९.८ चें ९.६ झालें. त्याचें घड्याळ खरें होतें, त्याचीं आंदोलनें खरीं होतीं, त्याची आंकडेमोड खरी होती. त्याचें चुकलेलें उत्तर त्यास त्या दोन सेंटीमीटरांकडे बोट करून दाखवीत होतें. जरा वेळ थांबून त्यानें विचारलें असतें तर लंबकाचा सर्व सिद्धान्त त्यास त्या दुपारीं स्वतःच्या बुद्धीनें उमगला असता. त्यानें शेजाऱ्याचें उत्तर घेतलें आणि स्वतःचा शोध पुसून टाकला.

पुढच्या सत्रांत पुन्हां लंबक हलतील. विद्यार्थिमित्रहो, तुमचें उत्तर ९.६ आलें तर तें तसेंच राहूं द्या, आणि लांबी पुन्हां एकदां मोजून पाहा.